विंटर ट्रेकला हिमालयात जाताय? मग थंडीच्या आधी घामाचं बघा

डिसेंबर जवळ आला की पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर फिरायला लागतात. मागं बर्फाचा डोंगर, पुढं पिवळे तंबू आणि खाली मोठ्या अक्षरात ‘केदारकंठा’ नाहीतर ‘ब्रह्मताल’. चौघं लगेच होकार देतात, पाचवा घरी विचारून सांगतो म्हणतो आणि बघता बघता डेहराडूनची तिकिटं निघतात.

मग सुरू होते खरेदी. सगळ्यात जाड जॅकेट कुठलं? सगळ्यात जाड मोजे कुठले? दोन जोड मोजे एकावर एक घालू. आतून आपला नेहमीचा कॉटनचा टीशर्ट आहेच. वर ग्रुपमधला एखादा अनुभवी गडी हळूच सुचवतो, “एक क्वार्टर ठेव रे सॅकमध्ये, थंडीला बरी असते.”

या यादीतली जवळपास प्रत्येक गोष्ट थोडी थोडी चुकलेली आहे. कारण आपल्या डोक्यात थंडी म्हणजे जाडीनं सोडवायचा प्रश्न असतो. जेवढी थंडी जास्त, तेवढं जाड घाला. घरात बसून राहायचं असेल तर हे बरोबर आहे. पण पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन सलग चार-पाच दिवस चढायचं असेल, तर माणसाला गारठवतो तो ओलावा. आणि हा ओलावा बऱ्याचदा आभाळातून येत नाही, आपल्याच अंगातून येतो.

त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. थंडीनं माणूस दगावायला डिसेंबर-जानेवारीच लागतो असं नाही.

२०२४ च्या जून महिन्याच्या सुरुवातीची घटना आहे. तेव्हा आपल्याकडं लोक उकाड्यानं हैराण होऊन पावसाची वाट बघत होते. त्याच दिवसांत उत्तराखंडमधल्या सहस्रताल ट्रेकवर २२ जणांचा एक गट होता. त्यात बहुतेक जण कर्नाटकातले होते. चार हजार मीटरच्या वरच्या भागात त्यांना हिमवादळानं गाठलं. वारा, बर्फ आणि समोरचं काही दिसेना. नऊ जणांचा मृत्यू झाला. बाकीच्या १३ जणांना हवाई दल आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलानं खाली आणलं.

म्हणजे कॅलेंडरमध्ये उन्हाळा होता, ट्रेकही ‘विंटर ट्रेक’ नव्हता, तरीही जीव थंडीनंच गेले.

हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर आधी अंगातली उष्णता जाते कुठून ते बघू.

आपल्या शरीराचं आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते ३५ अंशांच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. फरक फक्त दोन अंशांचा आहे. ताप दोन अंशांनी चढला तर आपण क्रोसिन घेऊन झोपतो, दोन अंशांनी उतरला तर थेट जिवावरचा खेळ सुरू होतो.

उष्णता बाहेर जायचे रस्ते बरेच आहेत. वारा ती उडवून नेतो. थंड जमिनीवर बसलो की जमीन ती शोषून घेते. श्वासातून जाते, उघड्या कातडीतून जाते. पण सगळ्यात बेरकी रस्ता म्हणजे ओले कपडे. स्थिर हवेपेक्षा पाणी साधारण २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. स्वेटर ऊब देतो म्हणजे काय करतो, तर धाग्यांच्या मध्ये हवा अडकवून ठेवतो. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की स्वेटर नावालाच उरतो.

त्यात घाम वाळताना आणखी उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम अंगावर वाळला की साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. शून्य अंशाचं पावणेसहा लिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच उष्णता लागते. उन्हाळ्यात हीच शरीराची सोय आपल्याला वाचवते. बर्फात तीच अंगावर येते.

आता ट्रेकवर काय होतं बघा. सकाळी तंबूतून बाहेर पडताना उणे पाच असतं. दात वाजत असतात. म्हणून थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर ते जाड जॅकेट असं सगळं चढवून गडी चालायला लागतो. वीस मिनिटांत चढ सुरू होतो आणि आतून पाझर फुटतो. थांबून जॅकेट काढायचं तर सॅक उतरवा, बाकीचे पुढं जातील, लाज वाटते. म्हणून तसाच चालत राहतो. तासाभरानं गाइड सगळ्यांना चहाला थांबवतो. चालणं थांबलं म्हणजे अंगातली भट्टी मंदावली. अंगाला चिकटलेला टीशर्ट चिंब असतो. खिंडीतून वारा सुटतो. पाच मिनिटांत तोच गडी लटलट कापायला लागतो आणि म्हणतो, “काय थंडी आहे राव, अजून एक स्वेटर आणायला हवा होता.”

त्याला अजून एका स्वेटरची गरज नव्हतीच. सकाळी एक कमी हवा होता.

म्हणून डोंगरात राहणाऱ्यांचा आणि जाणत्या ट्रेकर्सचा साधा नियम आहे. चालायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पहिली दहा मिनिटं कुडकुडत काढायची, मग अंग आपोआप तापतं. तरीही घाम यायला लागला तर टोपी काढा, चेन उघडा, वेग कमी करा. आणि थांबलात की उलटं करा. चहाचा कप हातात घ्यायच्या आधी जॅकेट अंगावर आलं पाहिजे. जाड जॅकेट खरं तर चालायचं नाहीच, ते थांबायचं जॅकेट आहे. त्यामुळं ते सॅकच्या तळाशी ठेवून उपयोग नाही, सगळ्यात वर ठेवा.

कपड्यांच्या थरांबद्दल सगळीकडं लिहिलेलं असतं, त्यामुळं थोडक्यात सांगतो. अंगालगतचा थर घाम बाहेर काढणारा हवा, सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा. मधला थर ऊब धरणारा, म्हणजे फ्लीस. सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जॅकेट. आणि थांबल्यावर घालायला पिसांचं किंवा सिंथेटिक भरणाचं फुगीर जॅकेट. पिसांचं जॅकेट वजनाच्या मानानं सगळ्यात उबदार असतं, पण भिजलं की त्याचा बोळा होतो. म्हणून ते घालून चढायचं नाही.

या सगळ्यात कॉटन कुठंच बसत नाही. आपल्या हवेत कॉटनसारखं कापड नाही, यात वाद नाही. पण ते पाणी पितं आणि धरून ठेवतं, लवकर वाळत नाही. जीन्स तर विचारूच नका. उलट आजीनं विणलेला लोकरीचा स्वेटर बघा. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा पोटात घेते तरी ओली वाटत नाही, आणि भिजल्यावरही थोडी ऊब टिकवते. ब्रँडेड नसला तरी तो स्वेटर कॉटनच्या हुडीला कधीही भारी आहे.

पिसांच्या जॅकेटवरनं आठवलं. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा गिर्यारोहक होता. पेशानं रसायनशास्त्रज्ञ. बाकीचे लोक लोकरी कोट आणि गॅबर्डिनमध्ये असताना यानं बलूनच्या कापडात पिसं भरून कोट शिवून घेतला होता. आधी त्याची चेष्टा झाली, मग वर थंडी पडल्यावर लोकांना त्याचा हेवा वाटायला लागला. आज मॉलमध्ये दिसणारं प्रत्येक फुगीर जॅकेट त्या कोटाचं नातवंड आहे.

वाऱ्याचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण मोबाइलवर दिसणारं तापमान इथं फसवतं.

पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४० च्या सुमारास अंटार्क्टिकात एक साधा प्रयोग केला. प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यातून ‘विंड चिल’ची कल्पना आली. अमेरिका आणि कॅनडानं २००१ मध्ये सुधारलेलं सूत्र घेतलं, तर उणे १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तेव्हा उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं.

केदारकंठ्याचं उदाहरण घ्या. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सांकरी गावातून हा ट्रेक सुरू होतो आणि शिखर साधारण ३,८०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. शिखराची चढाई पहाटे अंधारात सुरू होते, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात गार वेळी. खाली झाडीत असेपर्यंत वारा जाणवत नाही. झाडी संपली आणि उघड्या धारेवर आलो की तो अंगावर येतो. वारा लागल्यावर जॅकेट शोधायला लागलात तर हातमोजे काढावे लागतात, बोटं बधिर होतात, चेन लागत नाही. म्हणून झाडी संपायच्या आधी, आडोशाला थांबून वरचं जॅकेट चढवायचं. पाचही बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारा मोजा जास्त ऊब देतो, तोही याच वेळी बाहेर काढायचा.

आणि ते दोन जोड मोजे? बूट आधीच मापाचा असेल तर दोन मोज्यांनी तो आवळतो, रक्त पुढं जात नाही आणि बोटं जास्त गार पडतात. बुटात बोटं हलली पाहिजेत, ही एकच परीक्षा. त्यापेक्षा एक जोड कोरडे लोकरी मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि ते फक्त झोपताना घाला. कितीही मोह झाला तरी चालताना नाही. बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचे गेटर सांकरीत भाड्यानं मिळतात, ते घ्याच.

आता रात्रीचं बोलू, कारण लांबच्या ट्रेकवर खरी कसोटी रात्री लागते.

एक रात्र झोप झाली नाही तर चालतं. तीन रात्री झाली नाही तर चौथ्या दिवशी माणूस जेवत नाही, पाणी पीत नाही, चिडतो आणि पाय कुठं ठेवतो याचं भान राहत नाही. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट. दुकानदार बऱ्याचदा लिमिटचा आकडा सांगतो. लिमिट म्हणजे अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र निघेल ते तापमान. तुम्ही कम्फर्टचा आकडा बघा.

बॅगपेक्षाही दुर्लक्षित गोष्ट म्हणजे खालची मॅट. अंगाच्या वजनानं स्लीपिंग बॅगचा खालचा भाग दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि तिकडून ती काहीच ऊब देत नाही. खालून बर्फ रात्रभर तुमची उष्णता ओढत राहतो. त्यामुळं पाठ गार पडत असेल तर वर आणखी पांघरूण घालून उपयोग नाही, खाली एक फोमची मॅट वाढवा. मॅट नसेल तर रिकामी सॅक, दोर, जे असेल ते खाली घाला.

झोपायच्या आधी दिवसभराचे ओले कपडे बदलायचे. कंटाळा येतो, कपडे काढायच्या कल्पनेनंच काटा येतो, पण हे टाळलेली रात्र फार लांब होते. चांगल्या झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून ती बॅगेत घ्या. रात्री ऊब देते, सकाळी प्यायला न गोठलेलं पाणी मिळतं. उघड्यावर बाटली ठेवायची असेल तर उलटी ठेवा. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळं सरळ केल्यावर तोंड मोकळं सापडतं. मोबाइल, पॉवरबँक आणि टॉर्चचे सेलही बॅगेत घ्या. आणि तोंड बॅगेच्या आत घालून झोपू नका, श्वासातली वाफ आतच जमते आणि बॅग ओली होते. परत तोच ओलावा.

रात्री लघवीला उठावं लागेल म्हणून बरेच जण संध्याकाळपासून पाणी बंद करतात. हे करू नका. थंडीत तहान कमी लागते, पण श्वासातून पाणी जातच असतं आणि लघवीही जास्त होते. वर चढल्यावर पाण्याची कमतरता चांगलीच भोवते. पाण्याऐवजी बर्फ खाणं हाही तोट्याचा सौदा, तो वितळवायला उष्णता तुमच्याच पोटातून जाते.

खाण्याच्या बाबतीत आपली मंडळी नशीबवान आहेत. शेंगदाण्याची चिक्की, गूळ-तूप, खजूर, डिंकाचे लाडू ही सगळी थंडीतली उत्तम शिदोरी आहे. झोपायच्या आधी तुपातला एखादा लाडू पोटात गेला की भट्टीला रात्रभर जळण मिळतं. महागडे एनर्जी बार थंडीत दगडासारखे कडक होतात, दात पडायची वेळ येते. लाडूचं तसं होत नाही असं नाही, पण तो खिशात ठेवला की मऊ राहतो.

तंबूत स्टोव्ह, शेगडी किंवा कोळसा पेटवायचा नाही. कितीही थंडी असो, दहा मिनिटांसाठीही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथं केरळच्या आठ पर्यटकांचा एका रिसॉर्टच्या खोलीत मृत्यू झाला. त्यात चार लहान मुलं होती. खोलीत गॅसचा हीटर चालू होता, दारं-खिडक्या बंद होत्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. ती तर खोली होती. तंबू तिच्यापेक्षा कितीतरी लहान असतो.

आणि ती क्वार्टर. दारू प्यायल्यावर अंग गरम वाटतं, हे खरं आहे. कारण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आतलं गरम रक्त बाहेर येतं. म्हणजे छातीत जपून ठेवलेली ऊब कातडीवर आणून तुम्ही वाऱ्याला देता. वाटतं गरम, होता गार. शिवाय भान सुटतं, आणि थंडीत भान हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

कारण थंडी आधी हातपाय घेते आणि मग डोकं घेते. हायपोथर्मिया झालेल्या माणसाला तो झालाय हे कळत नाही. म्हणून एकमेकांवर लक्ष ठेवावं लागतं. चार खुणा लक्षात ठेवा. माणूस विनाकारण चिडचिड करतो किंवा एकदम गप्प होतो. हातातून वस्तू पडतात, चेन लावता येत नाही. बोलताना शब्द जड होतात. सपाट वाटेवरही अडखळतो. गप्पा मारणारा मित्र तासभर गप्प असेल तर त्याला ‘दमलाय बिचारा’ म्हणून सोडू नका, नाव विचारा, शंभरपासून सात-सात कमी करत मोजायला लावा.

सुरुवातीला तो जोरात कापत असतो. कापणं ही चांगली खूण आहे, शरीर झगडतंय. आतलं तापमान ३२ अंशांच्या आसपास उतरलं की कापणं थांबतं. बाकीच्यांना वाटतं, बरं वाटायला लागलं. प्रत्यक्षात शरीरानं हात टेकलेले असतात. काही वेळा तर अशा अवस्थेत माणूस गरम होतंय म्हणून अंगावरचे कपडे काढून टाकतो. बर्फात गोठलेली माणसं अर्धी उघडी सापडतात ती यामुळं.

माणूस कापत असेल, शुद्धीवर असेल, तर वाऱ्याच्या आड न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली मॅट द्या, गोड गरम पेय आणि खायला द्या. लगेच चालायला लावू नका, निदान अर्धा तास जाऊ द्या. कापणं थांबलं असेल, गुंगी असेल, तर आडवं झोपवा, अलगद हाताळा, हातपाय चोळू नका. अशा वेळी हृदय फार नाजूक झालेलं असतं. गरम बाटल्या छातीला आणि काखेत ठेवा, थेट कातडीला लावू नका. नीट गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, आणि मदत बोलवा. उंचीवर मेंदूला सूज येते तेव्हाही माणूस असाच अडखळतो आणि बरळतो. फरक कळला नाही तर दोन्ही धरून चालायचं आणि लवकरात लवकर खाली न्यायची सोय करायची.

आणि आशा सोडायची नाही. १९९९ मध्ये नॉर्वेत ॲना बोगेनहोल्म ही डॉक्टर स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात अडकली. ८० मिनिटं ती बर्फाखाली होती. तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, हृदय बंद होतं. हॉस्पिटलमध्ये तिचं रक्त बाहेर काढून गरम करून परत सोडलं. ती वाचली, परत कामावर रुजू झाली.

हिमदंशाबद्दल एक जुनी चूक अजून कुठं कुठं ऐकू येते, की पांढरी पडलेली बोटं बर्फानं चोळायची. हा सल्ला नेपोलियनच्या सैन्याचा सर्जन डॉमिनिक लारे याच्यापासून चालत आलाय. १८१२ च्या रशियाच्या मोहिमेत त्यानं पाहिलं की सैनिक रात्री शेकोटीवर गोठलेले पाय शेकतात, दुसऱ्या दिवशी ते परत गोठतात आणि सडतात. त्यावरून त्यानं शेकणंच वाईट ठरवलं आणि बर्फानं चोळायला सांगितलं. पुढं शंभरहून जास्त वर्षं जग तेच करत राहिलं. लारेचं निरीक्षण बरोबर होतं, वितळून परत गोठणं सगळ्यात घातक. उपाय मात्र चुकला. आज सल्ला असा आहे की बोट परत गोठणार नाही याची खात्री असेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ते गरम करायचं. खात्री नसेल तर झाकून, न चोळता, खाली उतरायचं. शेकोटीवर धरायचं नाही, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं हिमालयाचं, आपण तर हरिश्चंद्रगडाच्या पुढं जात नाही. तर पावसाळ्यातला कोकणकडा आठवा. तापमान शून्याच्या कितीतरी वर, पण चार तास भिजलेलं अंग, अंगात कॉटनचा टीशर्ट आणि जीन्स, वर भणाणता वारा आणि पोटात सकाळचे पोहे. ओठ निळे पडलेला, शब्द अडखळणारा एखादा गडी तिथंही असू शकतो. त्याला कोरडा टीशर्ट लागेल, आणि तो सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला असला तरच कोरडा असेल.

हिमालयात जायचंच असेल तर महिनाभर आधी सगळं सामान घेऊन डिसेंबरच्या एखाद्या शनिवारी गडावर उघड्यावर मुक्काम करा. मॅट पुरते का, बूट आवळतो का, अंधारात जॅकेट सापडतं का, हे सगळं तिथं कळेल. चुकलं तर सकाळी खाली उतरून गावात गरम चहा मिळतो.